मानवी अंतराळ वास्तव्य आणि पुणे

मानवी अंतराळ वास्तव्य म्हणजे पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, म्हणजेच अंतराळ स्थानकात, चंद्रावर, मंगळावर किंवा अन्य खगोलीय वस्तूवर माणसाने दीर्घकाळ अथवा कायमचे राहणे होय. अल्पकालीन अंतराळ प्रवास इ.स. १९६१ पासून होत आहे. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत माणसाची अखंड उपस्थिती २ नोव्हेंबर, इ.स. २००० पासून आहे. मात्र पृथ्वीकडून येणाऱ्या पुरवठ्याशिवाय तग धरणारी वसाहत अद्याप कोठेही अस्तित्वात आलेली नाही.

पुणे शहर व जिल्ह्यातील अनेक संस्थांचा या विषयाशी संबंध येतो. भारतीय अंतराळवीरांचे प्रारंभिक लष्करी शिक्षण, प्रक्षेपकाच्या सुट्या भागांची निर्मिती, सूर्याचे निरीक्षण, उच्च वातावरणातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास आणि दूरच्या यानांचे संकेत टिपणे ही कामे या परिसराशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात मानवी वास्तव्यापुढील प्रमुख आव्हाने व शक्यता यांचा आढावा या कामांच्या संदर्भात घेतला आहे.

पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाचे युरी गागारिन यांनी १२ एप्रिल, इ.स. १९६१ रोजी व्होस्तोक-१ यानातून १०८ मिनिटांचा अंतराळ प्रवास केला. इ.स. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो कार्यक्रमांतर्गत १२ अमेरिकी अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्यांपैकी सर्वांत दीर्घ मुक्कामही सुमारे तीन दिवसांचाच होता. पुढील काळात भर चंद्रावरून अंतराळ स्थानकांकडे वळला. रशियाचे व्हालेरी पोल्याकोव्ह यांनी इ.स. १९९४-९५ मध्ये मीर स्थानकात सलग ४३७ दिवस राहण्याचा विक्रम केला.

भारताचे राकेश शर्मा ३ एप्रिल, इ.स. १९८४ रोजी सोयुझ टी-११ यानातून अंतराळात गेले आणि सॅल्युत-७ स्थानकात राहून आले. त्यानंतर ४१ वर्षांनी, २५ जून, इ.स. २०२५ रोजी शुभांशू शुक्ला यांनी ॲक्सिअम-४ मोहिमेचे वैमानिक म्हणून उड्डाण केले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जाणारे ते पहिले भारतीय ठरले. १५ जुलै रोजी ते पृथ्वीवर परतले. या मुक्कामात त्यांनी मूग व मेथीचे अंकुरण, सूक्ष्म शैवाले, स्नायूंची झीज इत्यादी विषयांवरील भारतीय प्रयोग केले. हे विषय अंतराळात अन्न पिकवणे आणि शरीर टिकवणे या वास्तव्याच्या दोन मूलभूत प्रश्नांशी थेट जोडलेले आहेत.

भारतीय अंतराळवीर आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी

राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला हे दोघेही पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र आहेत. गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांची नावे २७ फेब्रुवारी, इ.स. २०२४ रोजी जाहीर झाली. त्यांतील शुक्ला यांच्यासह प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप हे अन्य तिघेही याच प्रबोधिनीत शिकलेले आहेत. या चौघांचे अंतराळ प्रशिक्षण रशियातील गागारिन केंद्रात व नंतर बंगळुरू येथे झाले.

हा निव्वळ योगायोग नाही. पहिल्या मोहिमांसाठी भारतीय वायुसेनेच्या चाचणी वैमानिकांमधून निवड करण्यात आली आणि वायुसेनेच्या अधिकाऱ्यांचा मोठा वर्ग खडकवासल्यातून येतो. अनोळखी यंत्रणेतील बिघाड ओळखून काही क्षणांत निर्णय घेण्याची सवय हे चाचणी वैमानिकाचे वैशिष्ट्य मानले जाते. या निवडपद्धतीचा एक परिणाम असा, की भारताच्या पहिल्या चमूत एकही स्त्री नाही. प्रबोधिनीतून महिला छात्रांची पहिली तुकडी मे, इ.स. २०२५ मध्ये उत्तीर्ण झाली व तीत १७ जणी होत्या. दीर्घकालीन वसाहतीसाठी मात्र वैमानिकांबरोबरच डॉक्टर, अभियंते, भूवैज्ञानिक व कृषितज्ज्ञ यांचीही आवश्यकता असते. त्यामुळे भविष्यात निवडीचे निकष व्यापक करावे लागतील.

प्रक्षेपण आणि सुरक्षितता

पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण ओलांडणे हा मानवी मोहिमेतील सर्वांत धोकादायक टप्प्यांपैकी एक आहे. गगनयानासाठी एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाची मानवासाठी प्रमाणित आवृत्ती वापरली जाणार आहे. या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना एस-२०० हे घन इंधनाचे अग्निबाण असतात. प्रत्येकात २०० टनांहून अधिक इंधन मावते. त्यांचा व्यास ३.२ मीटर असून पोलादी आवरण तीन खंडांचे बनलेले असते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथील कारखान्याने या आवरणाचे खंड तयार केले आहेत. साखर कारखान्याची यंत्रे बनवणाऱ्या या गावातून चांद्रयान-३ च्या प्रक्षेपकासाठीही भाग पुरवले गेले. मुंबईतील पवई येथेही अशा खंडांची निर्मिती होते.

घन इंधनाचा अग्निबाण एकदा पेटला की तो विझवता येत नाही. त्यामुळे आवरणाची जोडणी व सांध्यांची घट्टता हा थेट जीवितसुरक्षेचा प्रश्न ठरतो. २८ जानेवारी, इ.स. १९८६ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचा अपघात घन अग्निबाणाच्या दोन खंडांमधील सांध्याचे रबरी कडे थंडीमुळे निकामी झाल्याने घडला व त्यात सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी, इ.स. २००३ रोजी परतीच्या वाटेवर कोलंबिया यान नष्ट झाले. त्या अपघातात भारतात जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा मृत्यू झाला.

अशा प्रसंगी चमूला प्रक्षेपकापासून दूर नेण्यासाठी गगनयानात सुटका प्रणाली बसवली आहे. तिची पहिली उड्डाण चाचणी २१ ऑक्टोबर, इ.स. २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे यशस्वी झाली. गगनयानाचे उद्दिष्ट तीन अंतराळवीरांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत तीन दिवसांपर्यंत ठेवून सुखरूप परत आणण्याचे आहे. त्यापूर्वी मानवरहित उड्डाणे नियोजित आहेत.

किरणोत्सर्ग आणि सूर्य

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र व वातावरण सजीवांचे वैश्विक किरणांपासून संरक्षण करते. पृथ्वीवर माणसाला नैसर्गिक स्रोतांपासून मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट असते. क्युरिऑसिटी यानावरील उपकरणाने मंगळाच्या प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलीसिव्हर्ट, तर मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलीसिव्हर्ट मात्रा नोंदवली. जाण्यायेण्याचा सुमारे ३६० दिवसांचा प्रवास व तेथील ५०० दिवसांचा मुक्काम गृहीत धरल्यास एकूण मात्रा सुमारे १,००० मिलीसिव्हर्ट होते. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० मिलीसिव्हर्ट आहे. म्हणजेच आजच्या यानांतून केलेली मंगळाची एकच फेरी ही मर्यादा ओलांडते.

सूर्यावरील उद्रेक हा याहून आकस्मिक धोका आहे. ऑगस्ट, इ.स. १९७२ मध्ये एक प्रचंड सौर वादळ झाले. ते अपोलो-१६ (एप्रिल) व अपोलो-१७ (डिसेंबर) या मोहिमांच्या मधल्या काळात आल्यामुळे त्या वेळी चंद्रावर कोणीही नव्हते. असे वादळ आधी ओळखता आले, तर अंतराळवीरांना जाड भिंतींच्या आश्रयस्थानात जाता येईल.

या दृष्टीने आदित्य-एल१ या यानावरील 'सूट' ही सौर अतिनील दुर्बीण महत्त्वाची आहे. पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र अर्थात आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली. आदित्य-एल१ चे प्रक्षेपण २ सप्टेंबर, इ.स. २०२३ रोजी झाले. सूट दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याच्या दीप्तिमंडलाच्या व वर्णमंडलाच्या प्रतिमा घेते. २२ फेब्रुवारी, इ.स. २०२४ रोजी तिने एक्स-६.३ वर्गाची तीव्र सौरज्वाला टिपली. ज्वाला कोठे व कशी सुरू होते हे अशा निरीक्षणांतून समजते. त्या ज्ञानातून भरवशाचा पूर्वइशारा देणारी व्यवस्था उभी करणे हे पुढील काम आहे.

शरीरावरील परिणाम

सूक्ष्मगुरुत्वात शरीराचा भार पेलण्याची गरज नसल्यामुळे हाडे व स्नायू झिजतात. पुरेसा व्यायाम न केल्यास कंबरेच्या हाडाची घनता दरमहा १ ते १.५ टक्क्यांनी घटते. म्हणून अंतराळ स्थानकातील अंतराळवीर दररोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे काहींच्या दृष्टीवरही परिणाम होतो.

चंद्रावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश, तर मंगळावरील सुमारे ३८ टक्के आहे. एवढे गुरुत्वाकर्षण हाडांना पुरेसे ठरेल काय, याचे उत्तर आजवरच्या अनुभवातून मिळत नाही. कारण चंद्रावर कोणीही काही दिवसांपेक्षा अधिक राहिलेले नाही आणि मंगळावर कोणी गेलेले नाही. गर्भधारणा, प्रसूती व मुलांची वाढ यांबाबतही हीच स्थिती आहे. वसाहत या शब्दात पुढच्या पिढीचा विचार अंतर्भूत असल्यामुळे हा प्रश्न तांत्रिक तसाच नैतिकही आहे. स्वेच्छेने धोका पत्करणारा प्रौढ आणि तेथेच जन्माला येणारे मूल यांची स्थिती सारखी नसते.

हवा, पाणी आणि अन्न

एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलोग्रॅम प्राणवायू लागतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, उच्छ्वासातील बाष्प व मूत्र यांपासून पाणी परत मिळवले जाते. इ.स. २०२३ मध्ये या प्रक्रियेने ९८ टक्क्यांचे प्रमाण गाठले. अन्न मात्र पृथ्वीवरूनच न्यावे लागते.

मंगळाच्या विरळ वातावरणात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पर्सिव्हिअरन्स यानावरील मॉक्सी या उपकरणाने इ.स. २०२१ ते २०२३ या काळात त्यापासून १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. एका माणसाला हा प्राणवायू सुमारे साडेतीन तास पुरेल. प्रमाण अल्प असले तरी परग्रहावरील कच्च्या मालापासून प्राणवायू मिळवता येतो, हे त्यातून प्रथमच सिद्ध झाले.

बंदिस्त परिसंस्था टिकवणे किती अवघड आहे, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या बायोस्फिअर-२ या प्रयोगाने दाखवून दिले. तेथे इ.स. १९९१ ते १९९३ या काळात आठ जण काचेच्या बंदिस्त संकुलात राहिले. संकुलातील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास घसरले व बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. सकस मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते. वनस्पतींनी तो वायू परत प्राणवायूत बदलायचा, अशी योजना होती. परंतु त्याचा मोठा भाग बांधकामातील काँक्रीटने शोषून घेतला. दिसायला क्षुल्लक असा एक घटक हिशेबातून सुटला आणि संपूर्ण चक्र बिघडले.

सूक्ष्मजीव आणि पुण्यातील संशोधन

सूक्ष्मजीव हे वसाहतीचे साहाय्यकही ठरू शकतात आणि संकटही. ते कचरा कुजवतात, मातीला जीवन देतात आणि प्रसंगी रोगही पसरवतात. प्रतिकूल परिस्थितीत ते किती टिकतात, या प्रश्नावर आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली एक महत्त्वाचा प्रयोग झाला. एप्रिल, इ.स. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या महाकाय फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले. त्यांची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे करण्यात आली. नमुन्यांतून जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. जवळच्या ज्ञात जातींपेक्षा त्या अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. त्यांपैकी एका जातीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या स्मरणार्थ, दुसरीला इस्रोवरून, तर तिसरीला आर्यभट यांच्यावरून नाव देण्यात आले.

हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. मात्र तीव्र अतिनील किरण, अतिशीत तापमान व विरळ हवा यांतही जीव तग धरू शकतो, हे त्यातून दिसते. त्याचा एक अर्थ असा, की माणूस मंगळावर गेल्यास त्याच्याबरोबर पृथ्वीवरील सूक्ष्मजीवही तेथे पोहोचतील. मग पुढे तेथे जीवसृष्टीचा शोध घेताना सापडलेला जीव मूळचा तेथील की आपणच नेलेला, हे ठरवणे कठीण होईल.

निवारा आणि बेसाल्ट खडक

चंद्रावर रात्र सुमारे १४ पृथ्वी-दिवसांची असते. तेथे वातावरण नाही आणि धूळ अतिशय धारदार असते. मंगळावरील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असून तेथील मातीत आरोग्याला घातक परक्लोरेट क्षार आहेत. त्यामुळे दोन्ही ठिकाणी जमिनीखालील किंवा मातीने झाकलेला निवारा अधिक सुरक्षित मानला जातो. चांद्रयान-१ च्या प्रतिमांवरून भारतीय शास्त्रज्ञांनी चंद्रावर सुमारे १.७ किलोमीटर लांबीची लाव्हा-नलिका असल्याचे दाखवून दिले. लाव्हाच्या प्रवाहाचा पृष्ठभाग थंड होऊन कठीण झाला व आतील द्रव वाहून गेला, की अशी पोकळी शिल्लक राहते. तिचे जाड छत किरणोत्सर्ग, उल्का व तापमानातील तीव्र बदल यांपासून संरक्षण देऊ शकते.

चंद्रावरील गडद मैदाने बेसाल्ट खडकाची आहेत. पुणे शहर ज्या दख्खनच्या पठारावर वसले आहे, तेही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचेच आहे. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे याच काळ्या पाषाणात कोरलेले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर बेसाल्टमध्ये उल्कापाताने निर्माण झाले. म्हणून चंद्र व मंगळ यांवरील विवरांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी ते उपयुक्त ठरते. अर्थात पृथ्वीवरील बेसाल्टवर पाणी व हवा यांचा परिणाम झालेला असतो, त्यामुळे हे साम्य मर्यादित आहे.

बांधकामासाठी स्थानिक मातीचा वापर करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने चांद्रमातीसदृश माती, युरिया, गवारीचा डिंक व जीवाणू यांपासून विटा तयार केल्या. नोव्हेंबर, इ.स. २०२४ मध्ये लेह येथे झालेल्या इस्रोच्या अनुरूप मोहिमेत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा सहभाग होता.

अंतर आणि संपर्क

मंगळावर संदेश पोहोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. तेथील वसाहतीला आणीबाणीत पृथ्वीकडून तत्काळ सल्ला मिळणार नाही. शिवाय अनुकूल प्रक्षेपणाची संधी सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येते.

या अंतराचा अनुभव जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने घेतला आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. १९ ऑक्टोबर, इ.स. २०१६ रोजी युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत या दुर्बिणीने थेट टिपला. संकेताला पृथ्वीवर पोहोचण्यास जवळपास दहा मिनिटे लागत होती. नियोजित अवतरणाच्या थोडे आधी संकेत थांबला. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणातील चुकीच्या नोंदीमुळे यानाने स्वतःची उंची चुकीची गणली व ते पृष्ठभागावर आदळल्याचे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. खोडद येथे संकेत थांबला, तेव्हा यानाचे भवितव्य आधीच ठरून गेले होते. मानवी मोहिमेतही असे निर्णय यानातच घ्यावे लागतील.

खर्च आणि प्राधान्यक्रम

मानवी मोहिमांवरील प्रमुख आक्षेप खर्चाचा आहे. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. गगनयान कार्यक्रमासाठी सप्टेंबर, इ.स. २०२४ मध्ये मंजूर झालेली एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपये आहे. तीत अनेक उड्डाणे, प्रशिक्षण सुविधा व भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या विभागाचा समावेश असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही माणसाला जिवंत ठेवण्याची किंमत तीतून लक्षात येते. टीकाकारांच्या मते यंत्रमानव बरेच संशोधन कमी खर्चात व जीवितहानीचा धोका न पत्करता करू शकतात. समर्थकांच्या मते माणूस अनपेक्षित परिस्थितीत अधिक लवचीकपणे काम करतो. तसेच पाण्याचे पुनर्चक्रीकरण, वैद्यकीय उपकरणे व धातुशास्त्र यांतील प्रगतीचा लाभ समाजालाही होतो.

पृथ्वीवरील संकटांपासून बचाव म्हणून वसाहतीचा विचार मांडला जातो. मात्र पर्यावरण कितीही बिघडले तरी पृथ्वीवरील हवा, दाब व गुरुत्वाकर्षण मंगळापेक्षा माणसाला कितीतरी अनुकूल राहील. त्यामुळे नजीकच्या काळात वसाहत हा पृथ्वीला पर्याय ठरू शकत नाही.

कायदेशीर बाजू

इ.स. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणतेही राष्ट्र चंद्रावर वा अन्य खगोलीय वस्तूवर सार्वभौमत्व सांगू शकत नाही. भारताने हा करार इ.स. १९८२ मध्ये मान्य केला. मात्र तेथून काढलेल्या खनिजांची मालकी कोणाची, याबाबत मतभेद आहेत. अमेरिकेने इ.स. २०१५ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना अशी मालकी दिली. भारताने २१ जून, इ.स. २०२३ रोजी आर्टेमिस करारांवर स्वाक्षरी केली. वसाहतीतील रहिवाशांना कोणते कायदे लागू असतील आणि हवेसारखी जीवनावश्यक गोष्ट कोणाच्या ताब्यात असेल, हे प्रश्न अद्याप अनिर्णित आहेत.

भविष्यातील वाटचाल

भारताने इ.स. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभारण्याचे व इ.स. २०४० पर्यंत भारतीय व्यक्तीला चंद्रावर पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. २३ ऑगस्ट, इ.स. २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. ध्रुवीय प्रदेशातील कायम सावलीच्या विवरांत गोठलेले पाणी असल्याचे संकेत मिळाल्याने हा भाग मानवी तळासाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. पाण्यापासून पेयजल, प्राणवायू व इंधन हे तिन्ही मिळवता येतात.

पुण्यातील विद्यार्थ्यांचाही या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय, पुणे येथील विद्यार्थ्यांनी तयार केलेला सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून, इ.स. २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ द्वारे कक्षेत सोडण्यात आला. आज शालेय वयात असलेली पिढी इ.स. २०४० मध्ये कामाच्या उमेदीच्या वयात असेल. चंद्रावरील पहिल्या दीर्घ मुक्कामांचे यशापयश बव्हंशी हवा, पाणी, अन्न व किरणोत्सर्ग या चार प्रश्नांची उत्तरे ती पिढी कशी शोधते, यावर अवलंबून राहील.

हेही पाहा

गगनयान
आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक
राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी
आयुका
महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण
लोणार सरोवर
जयंत नारळीकर